हाय-टेक सिक्युरिटी पाकीट घेण्याजोगं असतं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा दर गणपतीला मुंबईहून गावी येतो, गाडीला मुंगीला शिरायला जागा नसते, तर त्याच्यासाठी आरएफआयडी ब्लॉकिंग (म्हणजे खिशातलं टॅपचं कार्ड बाहेरून कुणाच्या मशीनला वाचता येऊ नये अशी सोय), बोटाच्या ठशाचं कुलूप आणि ट्रॅकर असलेलं पाकीट घ्यावं का. माझं कुडाळात बॅगा-पाकिटांचं दुकान आहे. ही पाकिटं मी विकली आहेत आणि गिऱ्हाइकांकडून परतही घेतली आहेत. माझं मत आधीच सांगतो. कुलपाचं घेऊ नका, ब्लॉकिंगसाठी जादा पैसे मोजू नका, ट्रॅकर मात्र कामाचा आहे.

ब्लॉकिंगचा दावा खोटा नाही. टॅप करून पैसे देता येतात ते कार्ड मशीनच्या चार-पाच सेंटिमीटर जवळ आलं तरच वाचलं जातं. दुकानातल्या स्वाइप मशीनवर मी स्वतः करून पाहिलं. साध्या कातडी पाकिटात एकच कार्ड ठेवून पाकीट मशीनला टेकवलं, तर व्यवहार झाला. टॅपची दोन कार्डं एकावर एक असली की मशीन अडलं. ब्लॉकिंगच्या पाकिटातून काहीच झालं नाही. मग डबा बांधायची साधी फॉइल घेतली, कार्ड तिच्यात गुंडाळलं, तरी मशीन गप्पच. त्या महागड्या पाकिटाच्या अस्तरातही असाच धातूचा पातळ थर असतो. आधार आणि पॅन कार्डात तर असं लांबून वाचण्यासारखं काही नसतंच. शिवाय खिशाला मशीन लावून पैसे काढणाऱ्याला ते मशीन कुणाच्या तरी बँक खात्याला जोडावं लागतं, म्हणजे तो मागे आपला पत्ताच ठेवून जातो. गर्दीतला पाकीटमार एवढ्या भानगडीत कशाला पडेल? तो सरळ पाकीटच उचलतो.

माझंच उचललं. २०२२ च्या गणपतीला दादरला तुतारी एक्स्प्रेसमध्ये चढताना. एका हातात मखराचं सामान, दुसऱ्या हातात धाकटी पोर, आणि पाकीट मागच्या खिशात. ते ब्लॉकिंगचंच होतं, माझ्याच दुकानातलं. पाकीटच दुसऱ्याच्या हातात गेल्यावर आतला पत्रा कुणाला अडवणार? ५,००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही, ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून आहे. पनवेल सोडल्यावर खिसा चाचपला, तोवर फोनवर दोन मेसेज येऊन पडले होते, दोन्ही व्यवहार टॅपचे. बँकेचा नंबर शोधण्यात अर्धा तास गेला, मध्येच रेंज गेली. कार्ड बंद झालं, पण ते पैसे मला परत मिळाले नाहीत. आपण कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेनं सोसायचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. तो अर्धा तास मला अजून खुपतो.

म्हणून मुलाला आधी हे करायला सांगा: बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन टॅपची सोय बंद करायची, किंवा तिची मर्यादा पाचशेवर आणायची. दोन मिनिटांचं काम आहे, आणि या पाकिटांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

आता कुलूप. एका गिऱ्हाइकानं असं पाकीट आईला भेट म्हणून नेलं. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाते. टरफलातल्या तेलानं तिच्या बोटांची कातडी सोलवटलेली, टोकं काळी पडून गुळगुळीत झालेली. चौथ्या दिवशी ती स्वतःच पाकीट घेऊन दुकानात आली. म्हणाली, "माझो आंगठो रेशनाच्या मशीनवर उठणा नाय, हेच्यार काय उठतलो?" मी पैसे परत दिले आणि त्यानंतर तो माल मागवणं बंद केलं. मासळी हाताळणाऱ्यांचे, चिरे उचलणाऱ्यांचे ठसे असेच झिजलेले असतात. त्यात आपली हवा. समुद्राकाठच्या गावांतून परत आलेल्या दोन पाकिटांची बिजागरी एका पावसाळ्यात गंजून घट्ट बसली होती. चार्जिंगच्या भोकात हिरवट थर साचला होता. साधं कातडी पाकीट इथं श्रावणात बुरशी धरतं, पण पुसून उन्हात ठेवलं की परत वापरता येतं.

ट्रॅकरबद्दल नीट समजून घ्या. दीड-दोन हजारांच्या पाकिटात जीपीएस असं छापलेलं असलं, तरी आत बहुधा ब्लूटूथच असतं. खऱ्या जीपीएसला जागा कळवायला सिम लागतं आणि बॅटरी सारखी चार्ज करावी लागते. ब्लूटूथचा ट्रॅकर आजूबाजूच्या लोकांच्या फोनवर चालतो. कुणाचा तरी फोन जवळून गेला की जागा कळते. दादर स्टेशनवर, एसटी स्टँडवर म्हणूनच तो चांगला चालतो. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात, किंवा चार घरांच्या वाडीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ॲपलचा ट्रॅकर आयफोनवाल्यांच्या जोरावर चालतो. अँड्रॉइडच्या जाळ्यात मूळ सेटिंग अशी असते की बरेच फोन जमतील अशा ठिकाणीच जागा दिसते, ती सेटिंग मुलाला बदलून घ्यायला सांगा. आणखी एक, अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असला की फोन त्याची सूचना देतो. म्हणजे चोराला कळून तो काढून फेकलाही जाऊ शकतो. तरी घरात, रिक्षात, हॉटेलात विसरलेलं पाकीट सापडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वेगळा चपटा, कार्डाच्या आकाराचा ट्रॅकर घ्या आणि तो साध्या पाकिटात सरकवा. पाकीट फाटलं तरी ट्रॅकर राहतो.

मुलासाठी मी चेनचं साधं पाकीट देईन, पुढच्या खिशात मावेल एवढंच. त्यात एक कार्ड आणि वाटखर्चाची रोकड. लायसन्स डिजिलॉकरमध्ये, तिथलं वाहतूक पोलिसांना चालतं. बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर आणि सायबर हेल्पलाइनचा १९३० त्याच्या फोनमध्ये असू देत, आणि कागदावर लिहून घरी तुमच्याजवळही ठेवा. गर्दीत पाकिटाबरोबर फोनही जातो, तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तुम्हालाच फोन करणार आहे.