वाचकांचे प्रश्न : साबणाचा बेस वितळवताना

घरी साबण करून पाहण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे ‘मेल्ट अँड पोअर’ पद्धतीविषयीची, म्हणजे तयार बेस वितळवून तो साच्यात ओतण्याविषयीची आहेत. त्यांतील नवशिक्यांना हमखास पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : साबण करायचा तर कॉस्टिक सोडा हाताळावा लागतो, असे ऐकले आहे. आमच्या घरात लहान मुले आहेत. या पद्धतीत तो धोका असतो का? शिवाय साबण महिनाभर ठेवून द्यावा लागतो का?

उत्तर : दोन्ही गोष्टींची गरज नाही. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेतून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. ही अभिक्रिया बेस बनवतानाच पूर्ण झालेली असते, त्यामुळे आपल्या हाती येते ती तयार साबणाचीच लादी. तिच्यात जास्तीचे ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकोल, सॉर्बिटॉल यांसारखे घटक मिसळलेले असतात आणि त्यांच्यामुळेच ती सहज वितळते. अंघोळीच्या साध्या साबणाची वडी किसून तापवली तर तिचा असा पातळ द्रव न होता लगदा होतो. सोड्यापासून केलेला कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे बाहेरून उष्णता न देता केलेला साबण चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो, येथे मात्र वडी पूर्ण घट्ट झाली की ती वापरता येते. तरीही मुलांना वितळलेल्या बेसजवळ येऊ देऊ नये. गरम पाणी अंगावर पडले तर ओघळून तरी जाते, हा दाट द्रव मात्र त्वचेला चिकटून राहतो आणि चांगलेच भाजते. तुकडे भांड्यात भरणे, रंग निवडणे, साच्यातून वड्या काढणे ही कामे मुलांना जरूर द्यावीत.

प्रश्न : पारदर्शक बेस गॅसवर चांगला उकळून घेतला. वड्या पिवळसर झाल्या, त्यांना करपट वास येतो आणि त्या रबरासारख्या लागतात. बेस खराब होता का?

उत्तर : आपण केलेले वर्णन वाचले की दोष बेसचा नसून आचेचा आहे, हे लक्षात येते. माझी स्वतःची पहिली वडी अशीच झाली होती, कारण तुकडे लवकर विरघळेनात म्हणून मी आच वाढवली आणि कडेचा भाग उकळेपर्यंत मध्ये दोन तुकडे तसेच तरंगत राहिले. हा बेस साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि ७० अंशांच्या वर त्याला जाऊ देऊ नये. त्यापुढे त्यातले पाणी उडून जाते, रंग बिघडतो आणि घट्ट झाल्यावर वडी चिवट होते. म्हणून लादीचे दोन-दोन सेंटिमीटरचे सारख्या आकाराचे तुकडे करावेत, ते उष्णता सोसणाऱ्या भांड्यात घालून ते भांडे मंद आचेवरील गरम पाण्यात ठेवावे आणि वर झाकण ठेवावे, मात्र झाकणाला आतून जमलेले वाफेचे थेंब साबणात गळू देऊ नयेत. मायक्रोवेव्हमध्ये वितळवायचे असेल तर एका वेळी ३० सेकंद आणि शेवटी शेवटी १० सेकंदच चालवावा. आणखी एक युक्ती सांगतो : थोडे तुकडे शिल्लक असतानाच आच बंद करून हळूहळू ढवळत राहिले, तर उरलेले तुकडे त्याच उष्णतेत विरघळतात. ढवळताना चमचा तळाशी ठेवून सावकाश फिरवावा. फेटल्यासारखे ढवळले तर आत हवा शिरून फेस होतो. एक साधा तापमापक जवळ ठेवला तर या साऱ्या अंदाजांची गरजच उरत नाही, आणि नवशिक्याने रंग-सुगंधांवर खर्च करण्याआधी तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी वड्यांवर दवासारखे थेंब जमले. पुसले तरी पुन्हा येतात. साबण नासला का?

उत्तर : नाही, याला ‘साबणाला घाम सुटणे’ म्हणतात. ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते आणि तोच वडीच्या पृष्ठभागावर थेंबांच्या रूपाने दिसतो. हवा जितकी दमट, तितका घाम जास्त. असा साबण वापरायला काहीच हरकत नाही, पण तो चिकट लागतो आणि वेष्टनात गुंडाळून कोणाला द्यायचा असेल तर दिसतो वाईट. उपाय एकच : वडी साच्यातून काढल्यावर पूर्ण कोरडी आहे याची खात्री करून ती लगेच क्लिंग फिल्ममध्ये (अन्न झाकायच्या पातळ, पारदर्शक प्लास्टिकमध्ये) घट्ट गुंडाळावी, हवेवर उघडी ठेवू नये. लवकर घट्ट व्हावी म्हणून ती फ्रीझरमध्ये ठेवण्याची सवय अनेकांना असते; तेथून बाहेर काढलेल्या थंड वडीवर हवेतील बाष्प आणखीच जमते, आणि एकदम थंड झाल्याने तिला तडेही जाऊ शकतात. खोलीच्या तापमानाला काही तास धीर धरावा. कमी घाम सुटावा अशा खास बनावटीचे बेसही मिळतात.

प्रश्न : ताज्या फळांचा रस, दूध आणि भरपूर खोबरेल तेल घालून पौष्टिक साबण करायचा आहे. प्रमाण सांगाल का?

उत्तर : रस आणि दूध यांचे प्रमाण शून्य. तयार बेसमध्ये ते ताजे राहूच शकत नाहीत. काही दिवसांत त्यांना वास येतो, बुरशी धरते आणि अशी वडी अंगाला लावणे योग्य नाही. दूध हवेच असेल तर मुळातच दूध घालून बनवलेला बेस घ्यावा. तेलाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा साबण करायला लागणारा सोडा बेसमध्ये शिल्लक नसल्याने वरून घातलेले तेल हे तेलच राहते, आणि ते वाढले की फेस कमी होतो व वडी मऊ, तेलकट होते. अर्धा किलो बेसला एक छोटा चमचा तेल पुरे. सुगंधासाठी साबणात वापरण्याजोगे सुगंधी तेल वजनाच्या दोन टक्के, म्हणजे २५० ग्रॅम बेसला ५ ग्रॅम घ्यावे आणि बाटलीवर दिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळावी. दालचिनी आणि लवंग यांची तेले नैसर्गिक असली तरी त्वचेला झोंबतात, त्यांच्यापासून नवशिक्याने दूर राहावे. व्हॅनिलिन (व्हॅनिलाला वास देणारा घटक) असलेला सुगंध पांढऱ्या बेसमध्ये घातला तर वडी काही दिवसांत तपकिरी होत जाते, हेही आधी माहीत असलेले बरे. खाण्याचे रंग एका थरातून दुसऱ्या थरात पसरतात. कडा स्वच्छ हव्या असतील तर मायका (अभ्रकाची चमकदार पूड) किंवा ऑक्साइडचे रंग वापरावेत.

प्रश्न : दोन रंगांची वडी केली, पण वापरताना थर सुटे झाले. वर बुडबुडेही राहिले.

उत्तर : पहिला थर पूर्ण गार झाल्यावर दुसरा ओतला गेला असावा. पहिल्या थरावर दुधावर धरते तशी साय धरू द्यावी. बोटाने हलकेच दाबले असता ती फाटू नये, पण आतला साबण अजून कोमट जाणवावा. त्या क्षणी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा (एक प्रकारच्या स्पिरिटचा) बारीक फवारा मारावा आणि लगेच दुसरा थर ओतावा. तो ५० अंशांच्या जवळपास असावा, अधिक गरम असेल तर खालची साय वितळून दोन्ही रंग मिसळतात. बुडबुड्यांवरही ओतल्याबरोबर हाच फवारा मारला की ते फुटून जातात, सायीत अडकले तर मात्र निघत नाहीत. हे अल्कोहोल लगेच पेट घेते, त्यामुळे फवारा मारताना गॅस बंद असावा आणि जवळपास दिवा किंवा मेणबत्तीही नसावी.