वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यात व्हाइट वाइन बोथट का लागते?

प्रश्न : न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यॉं ब्लांक ही व्हाइट वाइन मे महिन्यात उघडली. चव बोथट, दारूचाच भपकारा. बाटली खराब निघाली का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : बहुधा नाही, ती पुरेशी गार नव्हती. मार्लबरोसारख्या थंड हवेच्या मळ्यात रात्री गार असल्याने द्राक्षातलं मॅलिक आम्ल टिकतं आणि या वाइनची सगळी गंमत त्या आंबटपणात आहे. वाइन कोमट झाली की अल्कोहोल पुढे येतं, तजेला हरवतो. ती ८ ते १० अंशांवरच प्यावी. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. १५-२० मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात फटी राहतात, म्हणून वेळ लागतो. फ्रीझरमध्ये मात्र विसरू नका, वाइन गोठून फुगते आणि झाकण ढकलते. ग्लासात थोडी थोडीच ओता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लगेच तापते.

गार करूनही डागाळलेल्या सफरचंदासारखा वास आला, रंग तपकिरीकडे झुकला, तर मात्र ती खराबच. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवल्यावर हेच होतं.

सोबत शेवभाजी नको, तिखट आणि अल्कोहोल मिळून जीभ भाजते. कमी मिरचीचं, भरपूर कांद्याची पात घातलेलं वांग्याचं भरीत उत्तम.