खासगी वैमानिक सुट्टीच्या दिवशी एखाद्या लहान गावच्या धावपट्टीवर विमान घेऊन जातात. ते तिथे जाऊन करतात तरी काय?

मी कॅलिफोर्नियात लिव्हरमोरला राहते आणि महिन्यातल्या एखाद्या शनिवारी हेच करते. जेवतो, गावात फिरतो, परत येतो, एवढंच असतं खरं तर. पण माझा जीव ज्यात अडकलाय ती गोष्ट वेगळी आहे. निघायचं की थांबायचं हे दिवसभर स्वतः ठरवायचं असतं आणि ते ठरवायला दुसरं कोणी नसतं. जुलैतल्या एका फेरीचं सांगते.

आई-बाबा कराडहून आले होते. त्यांना सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कोलंबिया गावाला न्यायचं ठरवलं. हवेतून साधारण 70 नॉटिकल मैल (सुमारे 130 किलोमीटर), म्हणजे भाड्याच्या सेस्ना 172 या लहान विमानाने पाऊण तास. मोटारीने दोन तास लागतात. (प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही. खासगी परवान्यावर फार तर खर्च सारखा वाटून घेता येतो.)

बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. मी टाकीखालच्या झडपेतून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडासमोर धरलं, तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले. हे पेट्रोल फिकट निळं असतं. त्यात पाणी शिरलं असेल तर ते तळाशी वेगळं दिसतं. मग ऑइलची कांडी, टायर, ब्रेक, पंखांच्या कडा. "डेपोतून गाडी काढताना आम्ही हेच करायचो," म्हणाले आणि स्वतः एका टायरवर हात फिरवून आले.

अल्टामाँटच्या खिंडीतल्या पवनचक्क्या मागे पडल्या की खाली सपाट खोरं लागतं. बदामाच्या बागा, कालवे, पुन्हा बागा. पलीकडे टेबल माउंटन दिसतो, नागमोडी आणि माथ्याला आपल्याकडच्या सड्यासारखा सपाट. एका जुन्या नदीच्या पात्रात लाव्हा भरला, दोन्ही काठ झिजून गेले आणि पात्रच डोंगर होऊन उरलं. जमिनीवरून हे कळत नाही. वरून नदीची वळणं स्पष्ट दिसतात.

कोलंबियाला कंट्रोल टॉवर नाही. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते सांगतात: "कोलंबिया ट्रॅफिक", मग आपलं विमान, जागा, काय करणार ते, आणि शेवटी पुन्हा "कोलंबिया". गावाचं नाव दोनदा घ्यायचं, कारण तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्या धावपट्ट्यांवरही चालू असते. काही विमानांत रेडिओ नसतोच, म्हणून नजर बाहेर ठेवावी लागते. धावपट्टीपासून हजार फूट उंचीवर वळसा घेतला, 65 नॉट वेगाने फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत आले आणि साडेदहाला चाकं टेकली. तिथे वणवे विझवणाऱ्या विमानांचा तळ आहे. उन्हाळ्यात ती तयारीत उभी असतात, त्यांच्या वाटेत यायचं नाही.

गाव चालत जाण्याइतकं जवळ. 1850 मध्ये इथे सोनं सापडलं. आगीने गाव जाळल्यावर लोकांनी विटांची घरं बांधून त्यांच्या दारं-खिडक्यांना लोखंडी झडपा लावल्या. आईला त्या झडपा फार आवडल्या.

दोन वाजता धावपट्टीवर परत आलो तेव्हा पारा 36 वर होता. मी सावलीत बसून हिशेब मांडला. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 फुटांवर, म्हणजे त्या उंचीचं प्रमाण तापमान 11 अंश. वर 25 अंशांचा फरक, दर अंशाला 120 फूट धरले की डेन्सिटी अल्टिट्यूड 5,100 फुटांच्या घरात जाते. विमानाला वाटतं आपण तेवढ्या उंचीवर आहोत. हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्क्यांनी घटते, पंखही कमी उचलतात. शिवाय आम्ही तिघं आणि जवळजवळ भरलेल्या टाक्या.

विमानाच्या पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे 4,600 फुटांची धावपट्टी पुरत होती. पण तक्ता नव्या विमानाचा असतो, आणि मला काळजी होती ती पुढच्या चढाची. आजूबाजूला झाडं आणि डोंगर होते. संध्याकाळी फ्लाइंग क्लबमध्ये त्याच विमानाचं दुसऱ्याचं बुकिंग होतं. जाऊन टाकावं असं मनात आलं, नाही असं नाही. असल्या घाईतच माणसं जिवानिशी जातात, हे मला मनापासून वाटतं.

क्लबला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. बाबांना कारण सांगायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं. "चिपळूणहून कुंभार्ली चढताना गाडी तापली की मी बाजूला घ्यायचो. पॅसेंजर ओरडायचे, ओरडू दे. घाई नको पोरी."

मग झाडाखालच्या बाकावर आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. बाबा तिथेच आडवे झाले आणि घोरायला लागले. सातला पारा 30 वर आला. म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूडचे सातशेएक फूट कमी झाले, दुपारचे हवेतले धक्केही निवले. सूर्य मावळायला तासाहून जास्त अवकाश होता. चाकं सुटली तेव्हा अर्धी धावपट्टी अजून पुढे होती.

परतताना सूर्य थेट डोळ्यांत येत होता. लिव्हरमोरला नेहमीचा पश्चिमेचा वारा नाकावर, त्यामुळे उतरणं सोपं गेलं. विमान साखळ्यांनी बांधलं, तेव्हा उजव्या पंखाची साखळी बाबांनी एकदा ओढून बघितली आणि मगच गाडीकडे निघाले.