माफी दिली की मागितली?

ब्रिटनमधल्या जुन्या खटल्यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘पार्डन’ या शब्दावर गाडी अडली आहे, असं एकांनी विचारलंय. माफी, क्षमा की दोषमुक्ती? त्यांनी तूर्त लिहिलेलं वाक्य असं : ‘१९९३ साली बेंटलीला माफी मिळाली.’ (हा बेंटली १९५३ साली फाशी गेलेला एक तरुण, त्याची गोष्ट पुढे येईल.)

दोषमुक्ती आधी बाजूला ठेवा. न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं तरच ती दोषमुक्ती. पार्डनमध्ये ‘दोषी’ हा निवाडा जागच्या जागी राहतो, सरकार फक्त त्याचे परिणाम काढून घेतं.

‘क्षमा’ आली ‘क्षम्’ धातूवरून. त्याचा अर्थ सोसणं, म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. ‘माफी’ अरबीतून फारसीमार्गे आली, आणि तिच्या मूळ धातूत पुसून टाकण्याचा भाव आहे. मराठीत रुळताना मात्र हे पुसणं अर्धवटच राहिलं. शेतसारा माफ झाला, म्हणजे तो देणं लागत होतं. ‘त्याला सात खून माफ’ म्हणताना खून झालेच नाहीत, असं कुणाच्या मनात नसतं. माफीचा साक्षीदार तर गुन्ह्यातला आपला वाटा आधी सांगतो, मग सुटतो. माफीच्या पोटात गुन्हा असतोच, आणि पार्डनच्याही पोटात तो असतो. त्यामुळे शब्द म्हणून ‘माफी’ नेमका बसतो.

अडचण वेगळीच आहे. सरकारने आपल्या चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली तरी मराठीत ती माफीच. कोण खाली उभा आहे आणि कोण वर, हे एकटं क्रियापद सांगतं. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना १९५२ साली समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवलं गेलं आणि तुरुंग टाळण्यासाठी संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. १९५४ साली ते गेले. २००९ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. २०१३ च्या डिसेंबरात राणीच्या अधिकारात माफी दिली गेली. पहिल्या वेळी चूक सरकारची होती, दुसऱ्या वेळी ती पुन्हा ट्युरिंग यांच्या पदरात पडली. २०१७ च्या कायद्याने अशीच माफी इतर हजारोंना लागू झाली, तेव्हा हयात असलेल्यांपैकी काहींनी स्पष्ट सांगितलं : आम्हाला माफी नको, आमची माफी मागा. या वाक्याला मराठीइतकी धार इंग्रजीत येणार नाही, कारण तिथे दोन वेगळे शब्द लागतात.

पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना २००६ च्या कायद्याने माफी दिली. त्याच कलमात लिहिलंय की यामुळे दोषसिद्धीवर वा शिक्षेवर परिणाम होत नाही. हे वाचून मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

आता तुमचा बेंटली. १९५२ च्या नोव्हेंबरात क्रॉयडनमधल्या एका गोदामाच्या छपरावर १६ वर्षांच्या ख्रिस्तोफर क्रेगने पोलिसाला गोळी घातली. १९ वर्षांचा डेरेक बेंटली तेव्हा पोलिसांच्या ताब्यातच होता. ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस’ असं तो ओरडला, असं पोलिसांनी सांगितलं. क्रेग आणि बेंटली दोघांनीही ते नाकारलं. या शब्दांचा अर्थ ‘पिस्तूल देऊन टाक’ असाही होतो आणि ‘हाण’ असाही. आपलं ‘दे त्याला’ अगदी असंच दुतोंडी आहे, तेव्हा अनुवादात तेच ठेवा, एक बाजू घेऊ नका. ज्यूरीने दयेची शिफारस केली, गृहमंत्र्यांनी फाशी थांबवली नाही. २८ जानेवारी १९५३ ला बेंटलीला फाशी झाली. क्रेग अल्पवयीन म्हणून वाचला.

बहीण आयरिस चाळीसहून अधिक वर्षं लढली. १९९३ मध्ये तिला जे मिळालं ते फक्त शिक्षेपुरतं होतं : फाशी द्यायला नको होती, पण भाऊ दोषीच. दोषसिद्धी रद्द झाली ती अपील न्यायालयात, जुलै १९९८ मध्ये. आयरिस १९९७ सालीच गेली होती.

म्हणून ‘मिळाली’ हे क्रियापद मला खटकतं. पगार मिळतो, पत्र मिळतं. इथे देणारा कोण, त्याने नेमकं काय दिलं आणि काय हातचं राखलं, हे सगळं त्या एका शब्दाआड जातं. आणि जिथे निवाडाच रद्द होतो तिथे ‘माफी’ लिहूच नका. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या ‘होरायझन’ या हिशेबाच्या संगणकप्रणालीच्या चुकांमुळे दोषी ठरलेल्या पोस्टमास्तरांच्या बाबतीत २०२४ च्या कायद्याने दोषसिद्धीच रद्द केली. त्यांना ‘माफ केलं’ म्हणणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल.

तुमचं वाक्य मी असं करीन : ‘१९९३ मध्ये गृहमंत्र्यांनी बेंटलीची फक्त शिक्षा माफ केली, दोष कायम ठेवला.’