घर बंद, पाइप गोठला; विम्याचं काय?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. जानेवारीत पाच आठवडे पुण्याला येतोय. आमच्या मागे पाइप गोठून फुटला, तर घराचा विमा भरपाई देईल?

उत्तर : बहुतेक पॉलिसी देतात, पण अट घालून: हीटिंग चालू हवं, किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले हवेत. बिल वाचवायला हीटिंग बंद केलंत, तर दावा अडतो. थर्मोस्टॅट (हीटिंगचं तापमान ठरवणारं उपकरण) ५५ फॅरनहाइटच्या खाली नको. शिवाय मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सर्वांत वरचा व खालचा नळ उघडा. (बॉयलर किंवा स्प्रिंकलर असेल तर आधी प्लंबरला विचारा.) गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, बाहेरच्या भिंतीतले पाइप आधी जातात, म्हणून सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे घरातली ऊब पाइपांपर्यंत पोचेल. बाहेरच्या नळाची होज (बागेची रबरी नळी) काढायला लोक हमखास विसरतात! थर्मोस्टॅटचा फोटो आणि हीटिंगची बिलं जपा. पुराच्या पाण्याला मात्र वेगळी पॉलिसी लागते.