नागपुरात राहून संत्रा उत्पादकांसाठी पैसा लावायचाय. दान आणि गुंतवणूक एकत्र जमेल का?

जमेल, पण दोन्ही पैसे एकाच संस्थेत घालू नका. मी इथे सीए आहे, शेतकरी कंपन्यांचे कागद रोज हाताखालून जातात. लोक नेमके इथेच अडकतात. सेक्शन ८ कंपनी (कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी) किंवा धर्मादाय ट्रस्ट नफा वाटू शकत नाही, म्हणजे तिथे दिलेला पैसा दानच. शेतकरी उत्पादक कंपनीचे शेअर फक्त उत्पादक किंवा त्यांच्या संस्थाच घेऊ शकतात, त्यामुळे तुम्हाला तिथे भागीदार होता येणार नाही. भांडवल घालायचं तर काटोल-वरुडकडे शेतकऱ्यांचा माल घेऊन ग्रेडिंग (प्रतवारी), वॅक्सिंग (फळावर मेणाचा थर) करणारी प्रायव्हेट लिमिटेड शोधा. बागेतलं प्रशिक्षण, माती परीक्षण ही कामं पैसे लावणाऱ्याला सहसा परतावा देत नाहीत, त्यांना ट्रस्टमधून दान द्या. ईबेचे संस्थापक पियर ओमिड्यार यांचं २००४ मध्ये सुरू झालेलं ओमिड्यार नेटवर्क असंच दोन हातांनी चालत आलंय: अनुदान वेगळं, गुंतवणूक वेगळी. २००१ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅक्युमेन या ना-नफा संस्थेची वाटही बघण्यासारखी आहे. दानातून आलेला पैसा ते धंद्यात लावतात आणि परतावा पुन्हा कामात घालतात.

मात्र घाईचा पैसा इथे नको. संत्र्याचे मुख्य बहार (फळांचे हंगाम) दोनच, आंबिया आणि मृग. मधले महिने ग्रेडिंगची मशीन थांबलेली असते, म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाही एवढीच रक्कम काढा. आणि आयकरातली सूट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०जी) फक्त दानावर, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल आणि ट्रस्टकडे त्यासाठीची नोंदणी असेल तरच.