स्पेनमधल्या तरुणांतली २५ टक्के बेकारी आणि तुझं बार्सिलोनाला येणं

चाकणची नोकरी सोडून बार्सिलोनाला मेकॅनिकलचं मास्टर्स करायला यावं का, असं तू विचारलंयस. तरुणांतली बेकारी २५ टक्के असल्याचं वाचून आईबाबा धास्तावलेत, आणि दादा म्हणतो की स्पेनने कामगार कायदे सैल केलेत, आता नोकऱ्याच नोकऱ्या. दोघांचंही अर्धंच खरं आहे.

२५ टक्के म्हणजे पंचविशीच्या आतल्या दर चार पोरांतला एक घरी बसलाय असं नव्हे. नुसतं शिकणारे त्या हिशोबात येतच नाहीत. काम करणारे आणि काम शोधणारे एवढेच धरतात. बांधकामाच्या तेजीत कित्येकांनी शाळा सोडून साइट गाठली, २००८ नंतर साइट बंद पडल्या आणि २०१३ मध्ये हाच आकडा ५५ च्या वर गेला. तू त्या रांगेत नसशील.

दादाच्या मुद्द्याकडे येतो. इथे कायदा पहिल्यांदा सैल झाला तो १९८४ मध्ये, बेकारी हटवायच्या नावाने: तात्पुरत्या कॉन्ट्रॅक्टवर माणसं घ्यायची मोकळीक मिळाली. जुन्या कायम कामगारांचं संरक्षण मात्र तसंच राहिलं. चाकणला सात महिने भरले की टेंपररी पोरांना ब्रेक देतात ना, तसाच सगळा देश चालू लागला. मग २०१२ मध्ये पंतप्रधान राहोय यांच्या सरकारने कायम नोकरीतून गैरवाजवी काढल्यावरची भरपाई नोकरीच्या दर वर्षामागे ४५ दिवसांच्या पगारावरून ३३ दिवसांवर आणली. काढणं स्वस्त झालं की मालक घ्यायला कचरणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. पुढे नोकऱ्या परतल्या, पण नव्या कॉन्ट्रॅक्टांतली बहुतेक तात्पुरतीच.

दादाला हे ठाऊक नसेल: २०२१ च्या शेवटी कायदा उलट आवळला गेला. ‘काम संपेपर्यंत’वालं कॉन्ट्रॅक्टच रद्द झालं. संसदेत हा बदल १७५ विरुद्ध १७४ मतांनी टिकला, तोही विरोधी पक्षाच्या एका खासदाराने चुकून बाजूने मत दिलं म्हणून! तात्पुरत्या कामगारांचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांवरून १६ पर्यंत उतरलं, आणि रोजगार काही आटला नाही. म्हणून मला तरी सैल कायद्याची भलामण पटत नाही.

पण कॉन्ट्रॅक्टवर ‘इन्देफिनिदो’, म्हणजे कायम, दिसलं म्हणून हुरळू नकोस. पदवीधर तंत्रज्ञाला सहा महिन्यांपर्यंत प्रोबेशनवर ठेवता येतं आणि त्यात काढलं तर भरपाई शून्य. दुसरी मेख ‘फिखो दिस्कोन्तिनुओ’: हंगामापुरतं काम, बाकीचे महिने घरी, तरी नोकरी कायम. अशांना बिगरहंगामातही रोजगार कार्यालयाच्या बेकारांच्या यादीत धरत नाहीत. यावरून इथे सतत वाद चालू असतो.

स्टुडंट परमिटवर आठवड्याला ३० तास काम करता येतं, पण त्यावर फीचं गणित मांडू नकोस. मिळतं ते बहुधा हॉटेलात, गोदामात. इंटर्नशिपमधून पाय आत शिरतो. जानेवारी २०२४ पासून बिनपगारी इंटर्नचीही सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी विमा-पेन्शन योजनेत, नोंद सक्तीची आहे. “नोंदीचं नंतर बघू” म्हणणाऱ्याकडे थांबू नकोस. पगार सांगतात तो वर्षाचा, कर कापायच्या आधीचा, आणि बऱ्याच ठिकाणी १४ हप्त्यांत, म्हणजे बारा महिन्यांचे बारा आणि दोन जादा. २०२५ चं किमान वेतन महिना १,१८४ युरो होतं, तेही १४ हप्त्यांच्या हिशोबाने. म्हणून महिन्याचा आकडा ऐकलास की आधी हप्ते किती ते विचार.

आणि स्पॅनिश. सॉफ्टवेअरवाल्यांचं इंग्रजीवर निभतं, शॉपफ्लोअरवर नाही. फोरमन, सप्लायर, सेफ्टीच्या सूचना, सगळं स्पॅनिशमध्ये, कित्येक ठिकाणी कातालान या इथल्या स्थानिक भाषेत. अजून वर्ष हातात आहे म्हणतोयस, तर पुण्यातच क्लास लावून बी-वन, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतकी मधली पातळी, गाठ आणि मगच विद्यापीठाची फी भर.